येण्याचा उद्देश

नागपुरात मनीषनगरच्या पलीकडे आमचं ले-आऊट आहे, प्लॉट पाडून वसलेली वस्ती. तिथल्या बगिच्याच्या फाटकावर एक निळी पाटी लावली आहे आणि त्या पाटीवरच्या चार ओळींपैकी एक ओळ माझी आहे. ‘नियमित चालण्यातून आरोग्यसंवर्धन आणि परस्परसंवाद.’ खाली नाव नाही, ते बरंच आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. लोकांच्या नजरेसमोर आलेलं माझं लिखाण एवढंच.

बगिचा म्हणजे पूर्वी नुसती मोकळी जागा होती. तारेचं कुंपण, ते दोन ठिकाणी वाकलेलं. एका कोपऱ्यात करंजाची तीन झाडं जवळजवळ उभी, फांद्या एकमेकींत गेलेल्या, म्हणून उन्हाळ्यातही त्यांच्याखाली सलग सावली असायची. त्या सावलीत दुपारी एकपासून चारपर्यंत बायका बसत. घरून पोतं नाहीतर जुनी चादर आणायच्या, गोल करून बसायच्या. थंडीत तुरीच्या शेंगा सोलायच्या, उन्हाळ्यात मांडीवर पाट घेऊन गव्हाच्या पिठाचे सरगुंडे वळायच्या, आणि काहीच काम नसलं की नुसत्याच बसायच्या. दहा-अकराजणी असतील. कुणी शेतकऱ्यांच्या घरातल्या, कुणी आमच्यासारख्या बौद्ध, एक-दोघी नवऱ्याच्या बदलीमुळे इथे येऊन राहिलेल्या. नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. माहेरचं गाव हेच नाव. माझी बायको पारशिवनीची, म्हणून ती पारशिवनीवाली. तिची खास मैत्रीण कळमेश्वरवाली. अंगानं बारीक, आवाज मात्र फाटकापर्यंत ऐकू येणारा.

दुपारचीच वेळ का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक. दुपारी घरात कूलरची एकच खोली, तीत रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपलेला. या बायकांना दिवसातून तीन तास मोकळे होते आणि घरात जागा नव्हती. माझ्या घरात जागा होती. पण समोरच्या खोलीत निवृत्त झालेला मी आणि माझी कपाटं होतो.

माझे वडील मिलमध्ये कामाला होते. आमच्या घरात लाकडी पलंगाच्या आधी पुस्तकांचं कपाट आलं. मी दारात टेकून उभा दिसलो, की ते म्हणायचे, “बसून राहिला काहून? वाच.” बसणं म्हणजे वाया जाणं, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढे कधी तपासून पाहिलं नाही. बायको चादर बगलेत धरून निघाली की मी पुस्तकातून मान वर न करता विचारायचो, “निघाली का सभा?” ती हसायची. पहिली काही वर्षं तरी हसायची.

मग महापालिकेनं बगिच्याची पुनर्रचना करायचं ठरवलं. ही वस्तीनं एकत्र येण्याची जागा व्हावी, असा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. सर्वेक्षणासाठी एक तरुण मुलगी आली होती, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची चळत. ती भर उन्हात करंजाखाली येऊन या बायकांसोबत चांगला अर्धा तास बसली, त्यांच्या हातच्या शेंगा खाल्ल्या, असं बायको सांगत होती. जाताना तिनं प्रत्येक गटासाठी एक फॉर्म दिला आणि आठवड्यानं गोळा करते म्हणाली. बायकांनी तो माझ्या बायकोच्या हातात ठेवला, कारण तिच्या घरी लिहिणारा माणूस होता.

रात्रीची भांडी झाल्यावर ती तो फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली. पहिला रकाना गटाचं स्वरूप. तो मी भरला: ‘परिसरातील महिला’. दुसरा, येण्याचा उद्देश.

“बसतो, लिवा,” ती म्हणाली.

मला हसू आलं. बसतो हा काही उद्देश होत नाही, असं मी तिला समजावलं. सरकारी कागदावर असं लिहिलं तर ते म्हणतील रिकाम्या बायका आहेत, कशाला खर्च करायचा. काहीतरी करता असं यायला हवं. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता चांगलं येत होतं, पण माझ्यासमोर ती मोठ्यानं वाचत नसे.

“मंग फिरतो म्हणा,” ती म्हणाली.

मी ‘फिरतो’ही लिहिलं नाही. मी ते वाक्य लिहिलं, जे आता पाटीवर आहे. शब्द मनासारखे बसले याचं मला समाधानही वाटलं. तिसरा रकाना वेळेचा होता. चालायला येणाऱ्या बायका नागपुरात दुपारी एक वाजता येतात असं कसं लिहिणार? मी ‘सकाळी व सायंकाळी’ लिहिलं. ती म्हणाली, “पण आपण तं दुपारी...” आणि थांबली. मी तिला म्हणालो की हे फॉर्म कोणी एवढं बारीक वाचत नाही.

वाचला. मी आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली, कुणी काही वाचत नाही म्हणून, त्यांच्यातल्या कुणीतरी तो फॉर्म शब्द न शब्द वाचला आणि त्याप्रमाणे बगिचा बांधला.

कुंपणाच्या कडेनं फरशीचा चालण्याचा मार्ग आला, त्यावर अंतराचे आकडे. मध्ये हिरवळ आली आणि हिरवळीवर बसू नये अशी सूचना आली. करंजाची दोन झाडं राहिली. तिसरं मार्गात येत होतं. राहिलेल्यांच्या खालच्या फांद्या उतरवल्या, कारण चालणाऱ्यांच्या डोक्याला लागल्या असत्या. बसायला सिमेंटच्या एकेकट्या खुर्च्या, मार्गाकडे तोंड केलेल्या, एकमेकींपासून हाक मारावी लागेल एवढ्या दूर. लोकांनी जमावं म्हणून पश्चिमेच्या बाजूला अर्धगोल पायऱ्या बांधल्या. एप्रिलमध्ये त्या पायऱ्यांवर हातसुद्धा ठेवता येत नाही. आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच फाटकाला कुलूप. दुपारी कोणी येत नाही, तेव्हा हिरवळीला पाणी द्यायचं, असं रखवालदारानं सांगितलं.

मी महापालिकेच्या कार्यालयात एकदा गेलो होतो. दुपारी फाटक उघडं ठेवता येईल का, हे विचारायला. तिथल्या अधिकाऱ्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइल काढली. तुमच्याच भागातल्या महिलांनी काय लिहून दिलंय पाहा, म्हणाला, आणि माझं अक्षर माझ्यासमोर धरलं. अक्षर सुंदर आहे, असंही म्हणाला. मी चष्मा पुसला, आभार मानले आणि परत आलो. बायकोला सांगितलं, साहेब जागेवर नव्हते.

सुरुवातीला काही दिवस बायका संध्याकाळी जाऊन पाहत. एकेक खुर्ची धरून बसत, समोरून वेगानं चालणारे लोक ‘पाय जरा बाजूला’ म्हणत. सहा वाजले की एकेक उठे, घरी कणीक मळायची असे. मग ते थांबलं. नंतर कळलं की कळमेश्वरवाली राहते त्या इमारतीच्या खाली, गाड्या ठेवायच्या जागेत, काहीजणी दुपारी बसायला लागल्या. मी बायकोला म्हणालो, तूही जा. गुडघा दुखतो, म्हणाली. मी मान्य केलं. दुखतच होता.

ती दुपारी घरी राहायला लागली. मी समोरच्या खोलीत, ती मागच्या. टीव्ही लावायची तो इतका हळू की मला नुसती कुजबुज ऐकू येई. एकदा चहा देताना तिनं विचारलं, “आपल्याकडं बसल्या तं, दोन-तीन तास?”

“सगळ्या?” मी विचारलं.

मी नाही म्हटलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ती लगेच म्हणाली, “नाही, असंच म्हटलं,” आणि कप घेऊन गेली. त्यानंतर दीड वर्ष ती होती.

या दीड वर्षात आणखी एक गोष्ट थांबली होती. ती पूर्वी जेवताना विचारायची, सध्या कोणतं पुस्तक सुरू आहे, कशाबद्दल आहे. मी दोन-तीन वाक्यांत सांगायचो, थोडा कंटाळत. तिनं ते विचारणं बंद केलं, तेव्हा माझ्या ते लक्षात आलं होतं. मला बरं वाटलं होतं.

हृदयाचं दुखणं निघालं आणि तीन आठवड्यांत ती गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दुपारी त्या सगळ्या बसायला आल्या. आमच्याकडे माणूस गेलं की लोक बसायला येतात. या शब्दाकडे मी त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. कपाटांसमोर सतरंजी टाकली होती, त्या गोल करून बसल्या. मी दाराशी खुर्चीवर होतो. मग एकीनं पुस्तकांकडे पाहून विचारलं, “ते समुद्राचं कोणतं हाये वं यातलं?”

मला काही समजेना. तेव्हा कळमेश्वरवालीनं मला सांगितलं. मी जेवताना जे सांगायचो ते माझी बायको झाडाखाली तासभर सांगत असे. दोन वाक्यांचं ती तासभर करायची. जहाज बुडालं, माणूस एकटा राहिला, पुढे तो काय खात होता, कुणाशी बोलत होता, सगळं. मी न सांगितलेलंही.

“तुमची सारी पुस्तकं आयकली आमी, भाऊजी,” ती म्हणाली. “शेवट तेवढे तिचेच असन.”

काहीजणी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. मला वाटलं, आता सांगायला हवं. मी सांगितलं की तो फॉर्म मी भरला होता. बसतो असं लिहा, असं ती म्हणाली होती. मी लिहिलं नाही.

बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. कळमेश्वरवाली सतरंजीचा दोरा ओढत होती.

“तिनं तं आमाले सांगतलं, ‘मीच तसं लिवाले लावलं,’” कळमेश्वरवाली म्हणाली. “‘माह्या नवऱ्याचा काही दोष नाही,’ म्हणे.” मग म्हणाली, “आमी तिले बहुत बोललो, भाऊजी. पारकिंगमंदी आली एक दिवस, चादर घेऊन. मीच म्हटलं, हे पाहा, साहेबाची बायको आली, चाला वं, फिराले चाला. साऱ्या हसल्या. तेही हसली. मंग आलीच नाही.”

चहा झाला. त्या उठल्या, चपला शोधायला लागल्या, तेव्हा मी म्हणालो की दुपारी इथेच बसत जा, मी मागच्या खोलीत जाईन. कळमेश्वरवालीनं चपलेचा पट्टा लावला, माझ्याकडे न पाहता.

“आता कशाले, भाऊजी,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काही उत्तर शोधलं असतं.

मी समोरच्या खोलीतच बसतो. हातात पुस्तक असतं. एकच्या सुमारास त्या पार्किंगमध्ये बसायला आमच्या घरावरून जातात, बगलेत पोती, एखादीच्या हातात शेंगांची पिशवी. लांबूनच त्यांचा आवाज येतो, कुणीतरी कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत असतं. आमच्या फाटकाजवळ आल्यावर त्या बोलायच्या थांबतात. चार-पाच पावलं नुसत्या चपलांचा आवाज येतो. शेजारचं घर लागलं की पुन्हा बोलणं सुरू होतं.