धुऱ्यावरचा हात

काल कचेरीसमोरच्या सभेत भोंगा बंद पडला. मागून कोणीतरी ओरडलं, "आयकू नाही येऊन राहिलं!" आणि मी गर्दीच्या शेवटी बाबांचा हात शोधू लागले.

काही वर्षांपूर्वी एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या प्रशिक्षणासाठी मी अर्ज केला होता. लेखी परीक्षा पास झाले, आवाजाची चाचणी तेवढी उरली होती. धान नुकतंच कापलं होतं, आमच्या बांधीत तणसाचा ओलसर वास होता. मी एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून इंग्रजी उतारा वाचत होते, बाबा पार पलीकडच्या धुऱ्यावर. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. शब्द पोचला की हात वर करायचे. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि हात खाली आला.

"जोरानं बोल न माय! विमानवाला तुह्या बाजूले बसून राहिला काय?"

चाचणीत मला नापास केलं. उच्चार गावठी आहेत म्हणे. आता विमानतळाची धावपट्टी वाढवायला तीच बांधी मागताहेत; कालची सभा त्याविरुद्धच होती. तेव्हा वाटलं होतं, विमानतळाला माझा आवाज हवा आहे. त्यांना हवी होती फक्त जमीन.

काल मी भोंग्याशिवायच बोलले. शेवटच्या रांगेत बाबांचा हात वर झाला. कचेरीच्या खिडक्या मात्र बंदच राहिल्या.