चार फुटांवरचे मावससासरे

संभाजीनगरात माझ्या मावससासऱ्यांनी ज्याचा फोटो काढलेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या फोटोत जो बारीक दिसला असा माणूस तर मुळीच सापडायचा नाही. मावससासरे म्हणजे बायकोच्या मावशीचे यजमान. तसं हे नातं लांबचं. दिवाळीच्या फराळाला एकदा आणि लग्नाच्या पंगतीत दोनदा भेटलं की वर्षभराची निश्चिंती, अशा जातीचं. पण या गृहस्थांना लांबचं असं काही ठाऊकच नाही. ते तुमच्याशी बोलायला लागले की तुम्ही आपोआप अर्धं पाऊल मागं सरता, ते अर्धं पाऊल पुढं येतात, आणि असं करत करत तुम्ही बैठकीच्या खोलीतून निघून स्वयंपाकघराच्या ओट्याला कधी टेकलात हे तुम्हालाही कळत नाही.

चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मालाच्या तपासणीवर काढली. यंत्रावरून उतरलेला तुकडा व्हर्नियर नावाच्या मोजपट्टीच्या चिमट्यात धरायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला टाकायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर व्हर्नियर कारखान्यात राहिला आणि खोड घरी आली. समोरच्या ताटातली भाकरी किती इंची आहे हे ते न मोजता सांगतात, आणि मोजली तर तेवढीच निघते. माझ्या लग्नाच्या वेळी कागदावर आमच्या घरच्यांनी माझी उंची पाच फूट सात इंच लिहिली होती. बघण्याच्या कार्यक्रमात या गृहस्थांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदाच पाहिलं आणि भर बैठकीत, अगदी प्रेमानं, म्हणाले, "पाच फूट साडेपाच हायेत. पण पोरगं चांगलं हाये." लग्न झालं, पण दीड इंच गेला तो गेलाच.

त्यांचा कॅमेरा जुना आहे आणि त्याला लावलेली लेन्स त्याहून जुनी. धंदा बंद करणाऱ्या एका स्टुडिओवाल्यानं जाता जाता ती त्यांच्या हातात ठेवली होती. एवढीशी, काळी, धातूची, थेट चुन्याच्या डबीएवढी. घरात तिचं नावच डबी पडलं. ती आपोआप काही करत नाही. समोरचा माणूस किती अंतरावर आहे हे आपण ओळखायचं आणि हातानं कडी फिरवून तेवढ्या आकड्यावर आणायची, तर फोटो स्वच्छ. कडीच्या पोटाशी एक बारकी खुंटी आहे. ती सरळ खाली आली की चार फूट. मावससासरे कॅमेऱ्याकडे न बघता, नुसत्या बोटानं चाचपून ती खुंटी खाली आणतात आणि मग लेन्सला हात लावत नाहीत. हलवायचं ते समोरच्या माणसाला. "एक पाऊल पुढं या," हे वाक्य त्यांनी आयुष्यात जेवढ्या वेळा म्हटलं असेल तेवढ्या वेळा कुणी रामनामही घेतलं नसेल. एकदा पैठण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी खिशातून ही डबी काढली, झाकण उघडलं, आणि शेजारी बसलेल्या धोतरवाल्या बाबांनी तंबाखूचा तळहात सरळ पुढं केला. चुना नाही म्हटल्यावर ते बाबा नाराज झाले. मावससासरे मात्र खूश, कारण त्या तळहातासकट बाबा बरोब्बर चार फुटांत आले होते.

ही डबी आडवं फार मोठं बघते. छोट्या खोलीतसुद्धा चारही भिंती तिच्यात मावतात, पण त्याच्या दोन खंडण्या ती वसूल करते. माणूस लांब असेल तर तो फोटोत चिंचोक्याएवढा येतो, आणि फोटोच्या कडेला असेल तर दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा रुंद होतो. त्यामुळे आमच्या नात्यात समूहफोटो म्हटलं की कडेला कोण उभं राहणार यावरून रुसवेफुगवे. देवगाव रंगारीच्या एका लग्नात वराच्या आत्याबाई कडेला आल्या. फोटो हाती पडल्यावर त्यांनी दोन वर्षं त्या घरचं हळदीकुंकू घेतलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचा अपमान झाला की 'त्याला कडेला उभं केलं' असं म्हणतात. त्याच लग्नात अंतरपाटाच्या वेळी मावससासरे चार फूट साधायला इतके आत शिरले की निम्म्या अक्षता यांच्याच टकलावर पडल्या. मावशी लांबून बघत होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघा, यांचं दुसऱ्यांदा लागलं."

मावशींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या माणसानं काढलेले सगळ्यात जास्त फोटो मावशींचे, आणि सगळे एकाच प्रकारचे. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरी ओसरीवर यांची खुर्ची. मावशी आतून चहा आणायच्या आणि हात लांब करून कप पुढं करायच्या. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात असे दोन हात मध्ये आले की अंतर होतं चार फूट. "कप देता येतो तेवढं अंतर लेन्सला लई मानवतं," हा त्यांचा सिद्धांत. म्हणजे कप घ्यायचा सोडून हे फोटो काढायचे. फोटोत पुढं परातीएवढा कप, त्यामागं मनगट, बांगड्या, आणि त्याच्याही मागं मावशींचं वैतागलेलं, पण अगदी स्वच्छ आलेलं तोंड. "चहा निवायलाय, घ्या आधी," असं बोलताना उघडलेलं. मावशी म्हणायच्या, "माझ्या तोंडापेक्षा कपाचेच फोटो जास्त काढले यांनी." प्रत्येक फोटोच्या पाठीवर ते पेन्सिलनं लिहून ठेवतात. तारीख नाही, नाव नाही, फक्त अंतर. मावशींच्या सगळ्या फोटोंच्या पाठीवर एकच मजकूर आहे, चार फूट.

मावशी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. दुखणं मोठं नव्हतं, वेळही फार दिला नाही. मुलगी बंगळुरूला असते, ती दिवसकार्य होईपर्यंत राहिली आणि 'बाबा, चला' म्हणून म्हणून थकली. हे गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी नवाच परिपाठ सुरू केला. सकाळचा चहा टपरीवर, चारचा चहा कुणाच्या तरी घरी. दार वाजायचं, दारात हे, गळ्यात कॅमेरा. "चहा टाका, फोटो काढतो," इतकं सरळ मागणं. ज्याच्या घरी जायचे त्याच्या हातातला कप त्याच्या तोंडासकट टिपायचे आणि आठवड्यानं फोटोची प्रत आणून द्यायचे, पाठीवर अंतर लिहिलेली. आमच्या फ्रिजवर माझ्या बायकोचे असे अकरा फोटो आहेत. पहिले सहा हसरे आहेत. सातव्यापासून तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे.

लोकांचंही चुकत होतं असं नाही. आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, आणि त्यात माणूस गोरा आणि बारीक येतो. चार वाजता कुणी झोपलेलं असतं, कुणी कामावर असतं. लोखंडी जाळीच्या दारांमागून 'काका, नंतर या हं' असं ऐकू यायला लागलं. मी तरी काय वेगळा निघालो? एका रविवारी जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि बायकोकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी कडी दोनदा वाजवली, थोडं थांबले, आणि सावकाश जिना उतरून गेले. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. लाज नंतर वाटली, ती अजून वाटते.

मग मुलीनं बंगळुरूहून नवी लेन्स पाठवली. दुधी भोपळ्याएवढी. ती सगळं आपण होऊन करते. अंतर ओळखायला नको, कडी फिरवायला नको, लांबच्या माणसाच्या डोळ्यातलं काजळसुद्धा जवळ आणते. पोरीनं मायेनंच पाठवली. वडिलांनी उन्हातान्हात दारोदार हिंडू नये, घरबसल्या छंद करावा, एवढंच तिच्या मनात होतं. आणि झालंही तसंच. मावससासरे यायचे थांबले. पहिल्या आठवड्यात आम्हाला हायसं वाटलं, दुसऱ्यात आठवण झाली, आणि दीड महिना गेल्यावर बायकोनं मला धाडलंच. "जाऊन या," म्हणाली, "माझ्या मावशीचं घर आहे ते."

गेलो तर हे गच्चीवर. कठड्याला भोपळा टेकवून बसलेले. मला बघून उठले, खाली आले, ओसरीवर खुर्ची दिली आणि फोटोंचा गठ्ठा पुढं ठेवला. मी थक्क झालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फोटोंत माणसं माणसांसारखी दिसत होती. भाजीवाली पैसे कनवटीला लावतेय, समोरच्या घरातल्या सूनबाई गॅलरीत केस वाळवताहेत, कोपऱ्यावर दोन म्हातारे बोलता बोलता थांबलेत. कुणी रुंद नाही, कुणी चिंचोका नाही. आणि कुणीच यांच्याकडे बघत नव्हतं. पाठीवर पेन्सिलनं लिहिलेलं, चाळीस फूट, सत्तर फूट, शंभर.

गठ्ठ्याच्या मध्यावर मी होतो. माझ्या मुलीची शिकवणी त्याच गल्लीच्या टोकाला आहे, तिला सोडायला मी आठवड्यातून तीनदा तिथून जातो. फोटोत मी स्कूटरवर, कोपऱ्यावर वेग कमी केलेला, आणि मान नेमकी यांच्या फाटकाकडे वळलेली. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येत होतं, कारण तो माझाच चेहरा होता. थांबावं का, नको, पुन्हा कधीतरी. पुढच्या फोटोत पुन्हा मी. त्याच्या पुढच्यात पुन्हा. एकूण नऊ. मी एक उलटा केला. साठ फूट.

त्यांनी तो फोटो माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि कारखान्यातला चांगला निघालेला तुकडा दाखवावा तसा मला दाखवला. "लई साफ आलाय. मिशीचा केस न् केस मोजून घ्या," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग फोटो गठ्ठ्यात सरकवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरंय, जावईबापू. पण डोंगर चहा पाजत नाय."

मी उठलो आणि आत गेलो. साखर, चहापत्ती, सगळ्या डब्यांवर मावशींच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून होत्या. दूध अर्धा पेला होतं. मला चहा बरा करता येत नाही, तरी केला. कप घेऊन ओसरीवर आलो आणि हात लांब केला, तर खुर्ची रिकामी. हे आतल्या कपाटाशी काहीतरी शोधत होते. परत आले ते गळ्यात कॅमेरा घालून, आणि कॅमेऱ्याला भोपळा नव्हता, डबी होती. खुर्चीत बसले. अंगठ्यानं खुंटी चाचपून सरळ खाली आणली. कप माझ्या हातात पोळत होता.

"एक पाऊल पुढं या," ते म्हणाले.

मी पुढं गेलो. त्यांनी घाई केली नाही. मी म्हणालो, काका, चहा निवेल. का कोण जाणे, पण त्या वाक्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी कॅमेरा जरासा खाली घेतला, माझ्याकडे नुसतंच पाहिलं, मग पुन्हा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. साखर जास्त झाल्याचं पुढं दोन वेळा सांगितलं.

तो फोटो आमच्या फ्रिजवर बाराव्या जागी आहे. पुढं परातीएवढा कप, मागं माझं लहानसं तोंड, आणि पाठीवर पेन्सिलनं चार फूट. येणारेजाणारे हसतात. भोपळा आता त्यांनी कपाटात ठेवून दिला आहे आणि मुलीला फोनवर सांगितलंय की लई भारी लेन्स हाये, जपून वापरतो. चारच्या सुमाराला ते गच्चीवर नसतात, फाटकाच्या आत ओसरीवर डबी घेऊन बसलेले असतात. मी जाता येता थांबतो. दर वेळी थांबतो असं म्हणणार नाही. शिकवणीला उशीर झालेला असतो, घरी पाहुणे असतात, कधी काहीही कारण नसतं. त्या दिवशी मी हात करतो, तेही हात करतात, आणि मी पुढं निघून जातो. तेव्हाही ते फोटो काढतात, मला स्कूटरच्या आरशात दिसतं. पण त्या फोटोंची प्रत त्यांनी मला कधी आणून दिलेली नाही. मी मागितलीही नाही. तेवढ्या अंतरावरून त्या डबीत मी केवढा येत असेन ते मला न मोजता सांगता येतं. चिंचोक्याएवढा.