यादीत देऊळ नव्हतं

शनिवार, १४ मार्च. सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा.

हजर: मी, नवरा, मुलगी (कॉलेजला सुट्टी होती म्हणून) आणि सासूबाई. गाइड एक. टूरमधले बाकीचे लोक अकरा. गाडीच्या डिकीत घडीची व्हीलचेअर, जी दिवसभरात उघडावी लागली नाही. हे शेवटचं मी संध्याकाळी मोटेलवर परतल्यावर वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

व्हीलचेअर न उघडण्याचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आमच्याकडेच राहतात. मधुमेह जुना. तळपायांची जाणीव जवळजवळ गेलेली. मागच्या वसंतात एक दिवस त्या डाव्या तळव्यात साडीची पिन घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरभर फिरल्या आणि त्यांना पत्ताही लागला नाही. पिन निघाली, पण अंगठ्याखाली जखम राहिली. रुपयाएवढी. ती भरायला सात महिने लागले. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग. भरली तेव्हा पायाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून बजावलं, की यापुढे एक पाऊलही अनवाणी नाही. बाथरूमपर्यंतसुद्धा नाही. ही जागा पुन्हा उघडली तर अंगठा वाचवण्याची खात्री मी देणार नाही.

मापाने करून दिलेले बूट आले. मी मुद्दाम वेलक्रोचे निवडले, म्हणजे त्यांना वाकून लेस बांधायला नको. मोजे पांढरे. तेही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून, कारण पायाला कळलं नाही तरी पांढऱ्यावर रक्त दिसतं.

एवढ्या महिन्यांत त्या घर, दवाखाना आणि दुकान यांखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. देवळात तर नाहीच. आमच्याकडच्या देवळात चपला बाहेरच्या फडताळात ठेवतात. मी तिथल्या लोकांना विचारलं होतं. ते म्हणाले, आजारी माणसाला चालतं, बूट घालून आणा. सासूबाईंनी ऐकलं नाही. "देवासमोर बूट घालून? त्यापेक्षा मी गाडीत बसते." दोनदा खरंच गाडीतच बसल्या. मग मी तो विषय बंद केला.

म्हणून हा प्रवास. पाय भरला याचा आनंद साजरा करायचा होता, आणि तो सगळ्यांच्या देखत चालून साजरा व्हावा असं मला वाटत होतं. युरोपातल्या जुन्या शहरांचे फोटो त्या मुलीच्या फोनवर तासन्तास बघत, पण एवढा विमानप्रवास नको होता. सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, कॅरीहून गाडीने एका दिवसात पोचता येतं, आणि दीड तासाची चालण्याची टूर सपाट रस्त्याने जाते. मी नकाशावर बाक मोजले. स्वच्छतागृहं टिपली. किल्ला वगळला, कारण तिथे चढ आहे. सोबत एक पाउच: छोटा आरसा, ओले वाइप्स, गॉज, ग्लुकोजच्या गोळ्या, जादा मोजे. आणि सगळ्या थांब्यांवर नजर फिरवून खात्री केली, की यात कुठे देऊळ नाही.

सकाळी दहाला चौकात जमलो. गाइड निवृत्त शिक्षक होते, उंच, गवती टोपी घातलेले. लांबून दिसावी म्हणून हातात बंद केलेली पिवळी छत्री उंच धरत. बोलणं अगदी वर्गात बोलल्यासारखं. या घरांना रस्त्यावरून थेट दार नाही, असं त्यांनी दाखवलं. आधी बाजूच्या फाटकातून अंगणात शिरायचं, मग घरात. वाऱ्याच्या बाजूला ओसरी, रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. भूमध्य समुद्राकाठच्या आपल्या गावांत जसं बांधत तसंच स्पॅनिश लोकांनी इथेही बांधलं, म्हणाले. भिंती शिंपल्यांच्या दगडाच्या. हात लावला तर हाताला शिंपल्यांच्या कडा लागतात.

मुलगी आजीला मराठीत सांगत होती, मधेमधे इंग्रजीत घसरत.

"आजी, सो बेसिकली, उन्हामुळे त्यांनी घर असं फिरवलंय."

"उन्हाची अक्कल सगळीकडे सारखीच असते," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाला सांग, कॅरीच्या घराच्या दिवाणखान्याचं तोंड पश्चिमेला कुणी केलं ते."

"बिल्डरने केलं," नवरा म्हणाला.

"घेतलं कुणी?"

असं चाललं होतं. त्या छान चालत होत्या. पहिल्या तीन थांब्यांवर मी बाक दाखवला आणि तिन्ही वेळा त्या बसल्या नाहीत. चौथ्या थांब्यावर मला एक फोन आला. मी औषधांच्या चाचण्यांचं वेळापत्रक सांभाळण्याचं काम करते, आणि आमच्या कामात शनिवार असा वार नसतो. मी नवऱ्याला खूण केली की हात धर, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन सात मिनिटं बोलले. परत वळले तेव्हा पिवळी छत्री जुन्या चर्चच्या आत जात होती. मी धावत शेवटच्या माणसाबरोबर आत शिरले. आतलं छत उंच, लाकडी, रंगवलेलं. सगळ्यांच्या माना वर. माझीही. गाइड पुढे उभे राहून सांगत होते. मग त्यांनी छत्री उचलली आणि आम्हाला बाजूच्या दाराने मागच्या अंगणात नेलं. आलो त्या दाराने नाही.

अंगणातली वाट बारीक चुरलेल्या शिंपल्यांची होती. पायाखाली कुरकुर वाजत होती.

"आई," मुलगी म्हणाली, "व्हाय इज आजी इन सॉक्स?"

मी खाली बघितलं. सासूबाई वाटेच्या मधोमध पांढऱ्या मोज्यांवर उभ्या होत्या आणि एका फुलझाडाकडे बघत होत्या.

"आई, जागच्या जागी उभ्या राहा. एक पाऊलसुद्धा टाकू नका."

माझा आवाज एवढा चढला, की गाइडसकट सगळी टूर जागच्या जागी उभी राहिली.

"ओरडतेस काय? उभीच आहे की."

"बूट कुठायत?"

"दाराबाहेर. आणखी कुठे असणार?"

नवऱ्याकडे बघितलं. तो छताचे फोटो काढत होता, हे त्याने न विचारताच सांगितलं. "मी हात धरला होता यार. दारापाशी फक्त एक मिनिट सोडला."

एका मिनिटात वेलक्रोचे बूट निघतात. म्हणून तर मी ते निवडले होते.

नवरा आणि मुलीने मनगटं एकमेकांत अडकवून हातांची खुर्ची केली, सासूबाईंना त्यावर बसवून उचललं आणि दहा-बारा पावलांवरच्या बाकावर नेलं. जाता जाता सासूबाई म्हणत होत्या, "अरे, लोक बघतायत. वरात काढताय का माझी?" मी आधीच बाकापाशी गुडघ्यांवर बसले होते. हात सॅनिटायझरने पुसले. उजव्या पायाचा मोजा काढला, आरसा धरला. काही नाही. मग डावा. डाव्या मोज्याच्या तळाला, अंगठ्याच्या जरा खाली, तांबडा डाग होता.

डोक्यात सात महिने एकदम परत आले. ड्रेसिंगचे वार, तो वास, आणि खात्री देणार नाही म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. त्यांना जाणवणारही नव्हतं. बघायचं मलाच होतं.

मी मोजा हळूहळू काढला आणि उलटा केला. रक्त असतं तर ते आतून बाहेर आलं असतं. आतली बाजू पांढरीशुभ्र. तळवा वाइपने पुसला, आरसा धरला, मुलीने फोनचा टॉर्च मारला. जुन्या जखमेची गुलाबी कातडी होती तशी, सलग, कोरडी. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाचा पाहिल्या. वाटेच्या कडेला लाल विटा लावल्या होत्या. त्यांची भुकटी मोज्याला लागली होती, एवढंच. टाचेकडे विणीत शिंपल्याचा एक टोकदार तुकडा अडकला होता. आत शिरला नव्हता. तो मी चिमटीत धरून काढला.

"काही नाही," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "काहीच नाही." मग मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, आणि नवऱ्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

तेवढ्यात मुलगी पुढच्या दाराकडे बूट आणायला पळाली होती. परत आली ती बूट छातीशी धरून, हसत.

"आई, यू वोन्ट बिलीव्ह. तिथे आणखी तीन जोड आहेत. आजीच्या बाजूला. लाइनीत."

आमच्या टूरमधलं एक जोडपं आणि त्यांच्याबरोबरच्या एक वयस्क बाई असे तेव्हाच पुढे आले. तिघेही मोज्यांवर. त्यातले नवरेबुवा जरा संकोचून म्हणाले, की एका आजींनी दारात बूट काढून नीट जोडीने ठेवलेले दिसले, आम्हाला वाटलं इथला नियमच असेल. गाइडनी टोपी काढली. एवढी वर्षं लोकांना इथे आणतोय, म्हणाले, पण या चर्चला आज पहिल्यांदाच असा मान मिळाला. मग ते स्वतः त्या तिघांचे बूट आणायला गेले.

सासूबाईंना हे सगळं मराठीत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बघा. गोऱ्यांना कळलं. तुम्हालाच कळत नाही."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"आठवतंय मला."

"मग?"

मी त्यांना कोरडे मोजे चढवत होते. "अगं, दार उघडं होतं. आत मेणबत्त्या होत्या. घंटा वाजली. वर्ष होत आलं, मी कुठल्या देवाच्या घरात पाऊल टाकलं नाही. हात आपोआप बुटाकडे गेले. चर्च आहे की देऊळ आहे असा विचार कोण करतं दारात?" मग म्हणाल्या, "फरशी गार होती."

मी मान वर केली. "तुम्हाला कळलं?"

"नाही कळलं. पण असते ना ती गार."

मी दोन्ही बुटांचे पट्टे घट्ट लावले, प्रत्येकी दोनदा.

उरलेली टूर त्यांनी पूर्ण केली. जुन्या शहराच्या दगडी वेशीपाशी गेलो, खांबाला टेकून फोटो काढला. गाइड प्रत्येक वळणावर मागे बघून आमच्या पायांकडे नजर टाकत. शेवटी त्यांनी सासूबाईंशी हात मिळवला. सासूबाईंनी नमस्कार केला, मग हातही मिळवला. मुलगी आजीच्या दंडाला जी चिकटली ती गाडीपर्यंत सुटली नाही.

इंडियन रेस्टॉरंटमध्ये जेवताना नवरा म्हणाला, चूक माझी. मी म्हणाले, फोन घेतला ती माझी. खरं तर दोघांचीही वेगळीच होती. अकरा महिने आम्ही त्यांना देवळापासून दूर ठेवण्याची व्यवस्था करत होतो, आणि ती मी इतकी चोख केली होती, की त्यांना तिथे कसं नेता येईल हे आम्ही दोघांनीही त्यांना एकदाही विचारलं नाही. म्हणून तिथेच, मेनूकार्ड बाजूला सारून, विचारलं.

"आई, बूट घालून देवळात जाणं नकोच का? कुठलेही बूट?"

"रस्त्यावर फिरलेले नकोत," त्या म्हणाल्या. भातावर लिंबू पिळत होत्या. "कोरा जोड असला, मातीला न लागलेला, देवळाच्या दारातच बदलायचा, तर त्याला काय हरकत आहे? सोवळ्याचं वेगळं असतं तसं हे वेगळं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, विषय बंद."

मुलगी "ओ माय गॉड" म्हणाली आणि माझ्या ताटातला पापड उचलला. मला राग यायला हवा होता. आला नाही. तो अंगठा जागेवर होता, आणि आणखी काय हवं होतं तेही आता माहीत होतं.

मोटेलवर रात्रीच्या तपासणीत पुन्हा दोन्ही पाय बघितले. ठीक. रविवारी ठीक. सोमवारी कॅरीला परतल्यावर ठीक. रामनवमीला देवळात पाळणा असतो. सासूबाईंनी नेसायची साडी काढून ठेवली आहे आणि तिच्यातल्या सगळ्या पिना मोजून डबीत भरल्या आहेत. राहिला तो दुसरा जोड. तो मापानेच व्हायला हवा, त्यासाठी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी मागताना पहिला जोड चर्चच्या दाराबाहेर काढून शिंपल्यांवरून चालल्याचंही सांगावं लागेल. हा फोन रोज सकाळी यादीत सर्वांत वर असतो. आज बुधवार. अजून केलेला नाही.