पाणपोईची जमीन

टोकावड्याहून मोठा रस्ता सोडून घाटाच्या अंगाला वळलं, की करंजवाडी लागते. सकुबाई तिथे पष्ट्यांच्या घरी लग्न होऊन आली ती शहापूरकडून, तानसाच्या जंगलालगतच्या एका पाड्यावरून. सून घरात येऊन महिना झाला नव्हता, तोच तिची सासू गोजर म्हणाली, हिच्या पायाला भिंगरी आहे. भात झोडून झालं की ही निघाली लाकडांना. लाकडं आली की निघाली झऱ्यावर. जेवतानासुद्धा उकिडवी बसायची, उठायच्या तयारीत.

लग्नाला थोडी वर्षं झाली आणि तिचा नवरा देवराम तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. घरात दोघी विधवा राहिल्या. अंगणापलीकडे धाकटा दीर महिपत आणि त्याची बायको गिरजा यांचा संसार. गोजर करारी बाई. ती होती तोवर सकुबाईला वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती.

या घराची एक जुनी रीत होती. होळी झाली की घाटवाटेच्या पायथ्याला जांभळीखाली रांजण मांडायचा, आणि पाऊस लागेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं. जुन्नरकडची माणसं घाट उतरून यायची, ओझी टेकवायची, ओंजळी भरून प्यायची. या कामासाठी कुणा जुन्या राजवटीने घराला जमीन दिली होती, असं सगळेच सांगत. गोजर मात्र त्याच्या पुढचं सांगे.

"ती जमीन बाईच्या नावाची हाय. सासूकडून सुनंकडं येते. बाप्यांचा तिच्यात काय संबंध नाय."

महिपत हे ऐकून नुसता हसे. जमीन म्हणजे ओहोळाकाठचं भाताचं खाचर, हे त्याच्या मनात पक्कं होतं. सकुबाईलाही तसंच वाटे. तीच ते खाचर लावायची, बेणायची, कापायची.

एकोणीसशे सत्तावन्न साली उन्हाळ्यात गोजर गेली. मागोमाग गावात बोलणं सुरू झालं, की जुनी इनामं-वतनं सरकार खालसा करतंय आणि ज्याच्याकडे पुरावा, त्याच्या नावावर जमीन नव्याने लागणार. महिपतने तलाठ्याकडे खेपा सुरू केल्या. मग एके सकाळी तो ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "वैनी, तुमी आता कोंडूदादाकडं गेलेलं बरं. एकटीनं हितं काय करायचं?"

कोंडू म्हणजे तिचा भाऊ. सकुबाई त्याच्याकडे गेली खरी, पण भावजयीच्या चुलीपाशी तिचा जीव रमेना. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखलं. सासूचे शब्द डोक्यात घोळत राहिले. बाईच्या नावाची. मग त्या बाईचं नाव कुठेतरी लिहिलेलं असणारच. ती परत आली आणि दुसऱ्याच दिवशी मुरबाडच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

कचेरीत तिला कुणी हाकललं नाही, पण उत्तरही मिळालं नाही. कागद आणा, म्हणाले. कागद कुठे मिळेल म्हटल्यावर ठाण्याला पाठवलं. ठाण्यात इनामांचं जुनं रजिस्टर निघालं. त्यात करंजवाडीपुढे कोरी जागा. पुन्हा गेली, पुन्हा तीच कोरी जागा. तिथल्याच एका माणसाला तिची दया आली. त्याने सांगितलं, की इंग्रजांच्या आधीचं असेल तर पुण्याच्या दप्तरात बघा, तिथे रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत.

एकट्या बाईने पुण्याला जायचं कसं? बरोबर आली मंगळी. झऱ्याजवळ ठाकर आदिवासींची चार घरं होती. त्यातल्या जाणूची ती बायको, सकुबाईच्याच वयाची. ठाकरांना शेती नव्हती. पावसाळ्यात लोकांच्या लावणीला जायचं, दिवाळीनंतर वीटभट्टीला नाहीतर कोळशाच्या भट्टीला. पण होळीनंतर दोन बाया वाडीत हमखास राहायच्या. रांजण पष्ट्यांचा असला, तरी झरा उपसणं आणि हंडे वाहून आणणं हे काम ठाकरांच्या बायांचंच होतं. मंगळीच्या आजेसासूपासून ते चालत आलेलं होतं.

दप्तरात एक वयस्क कारकून होते, मोडी जाणणारे. त्यांनी दोघींचं सगळं ऐकून घेतलं आणि सूची काढली. गावांची नावं अनुक्रमाने लावलेली, नावापुढे रुमालाचा आकडा. करंजवाडी नव्हती. आसपासच्या गावांची नावं त्यांनी चाळली. पाणपोईचं इनाम कुठेच नव्हतं. उद्या या, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मंगळी भिंतीला टेकून बसली होती. सकुबाईला बसवेना. ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत होती. शेवटी कारकुनांनी चष्मा काढून तिला बसायला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "दादा, गाव उठलं तर त्याचं नाव कुठं जातं?"

तिच्या आजीचं गाव तानसाचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं होतं. आजी मरेपर्यंत त्या गावाचं नाव घ्यायची. बाकी कुणी ते घेत नसे. सकुबाईला ते आठवलं, एवढंच.

कारकुनांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आत जाऊन पहिल्या मोजणीच्या काळचा एक नकाशा घेऊन आले. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. सिद्धगडाचा डोंगर कुठे, घाटवाट कुठे, ओहोळ कुठे, हे त्यांनी दोघींना बोटाने दाखवलं. आज जिथे करंजवाडी आहे, तिच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलं होतं : कोळोशी, ओसाड. केव्हातरी उठून गेलेलं गाव. त्याची शीव करंजवाडीत मिसळली होती.

सूचीत कोळोशी होती. रुमाल सोडला, कागद निघाला. कारकून अडखळत, एकेक शब्द लावत वाचू लागले. बायजा कोम रखमाजी, म्हणजे रखमाजीची बायको बायजा. घाटाखाली पांथस्थांस पाणी देते, सबब झऱ्यापासून जांभळीपर्यंतचं रान तिजकडे, आणि तिचे पश्चात सुनेकडे, पाणी चालेल तोवर.

सकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सासू खोटं बोलत नव्हती. तिने कारकुनांना विचारलं, आमचं खाचर यात कुठे आलं? त्यांनी पुन्हा नकाशावर बोट ठेवलं. वाट इथे, झरा इथे, त्याच्या खाली ही जमीन. ओहोळ तर पार इकडे राहिला. खाचर इनामात नव्हतंच. ते घराने मागाहून केव्हातरी धरलं असावं.

"मग झऱ्याखाली आता काय आहे?" त्यांनी विचारलं.

सकुबाई नकाशावर वाकली. मंगळी उठून जवळ आली होती. तीच म्हणाली, "तिथं आमची घरं हायत."

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. सकुबाईच्या पिशवीत इनामाच्या कागदाची आणि नकाशाची नक्कल होती. ज्या खाचरासाठी एवढी पायपीट केली, ते याच कागदाने हातचं जात होतं. आणि जे मिळत होतं, ती उतरणीची माळजमीन. त्यावर नाचणी-वरी पिकेल, भात नाही. मुरबाडला उतरून टोकावड्याच्या एसटीची वाट बघताना मंगळीने विचारलं, "बाय, आता आमी कुठं जायचं?"

सकुबाईने तोंड फिरवलं. गाडी अजून येत नाही, असं काहीतरी पुटपुटली.

नंतरचे दिवस तिने घरात कसेबसे काढले. कागद उतरंडीच्या मागे ठेवला, मग पेटीत ठेवला, मग पुन्हा उतरंडीच्या मागे. झऱ्यावर जाणं टाळलं. पाणी लांबच्या विहिरीवरून आणायला लागली. मंगळी दिसली की वाट बदलायची. आपण त्यांना उठा म्हटलेलं नाही, असं ती मनाला सांगे. पण बसा असंही म्हटलेलं नाही, हे तिला टोचत राही. तेवढ्यात होळी झाली. त्या वर्षी रांजण तिने एकटीने मांडला. पण दुसऱ्या सकाळी जांभळीखाली गेली तर तो काठोकाठ भरलेला. कुणी भरला, ते विचारावं लागलं नाही.

बातमी महिपतपर्यंत पोचलीच. तो पुन्हा ओट्यावर आला, आणि या वेळी गिरजाने पलीकडून चहा पाठवला. महिपतचं म्हणणं सरळ होतं. खाचर तो आपल्या नावावर लावून घेईल. वरच्या जमिनीवरून ठाकर उठले की तिथे कलमी आंबे लावू. कागदावर सकुबाईचा अंगठा लागेल, कसणं तो बघेल, आणि तिने म्हातारपणापर्यंत याच घरात दोन वेळा सुखाने जेवावं. सकुबाईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचार करते, म्हणाली. महिपतने तो होकार धरला आणि आपला गडी चांगो याच्याकरवी ठाकरांना निरोप धाडला, की पावसाआधी जागा मोकळी करा.

चार दिवसांनी सकुबाई लाकडांची मोळी घेऊन वरच्या वाटेने येत होती. भट्टीवरून परतलेला जाणू छपरावर चढून पेंढ्यांना बांधलेले वेल सोडत होता. एकेक पेंढी खाली टाकत होता आणि मंगळी ती रचून ठेवत होती. भांडण नाही, रडणं नाही. कुडाची भिंत न मोडता सोडवली तर तिच्या कारवीच्या काठ्या पुढच्या ठिकाणी उपयोगी पडतील, म्हणून जाणू जपून सोडत होता. असं उठायची त्यांना सवय होती.

सकुबाईने मोळी टाकली. "जाणू, खाली उतर."

"महिपतशेटचा निरोप हाय."

"जमीन माझ्या नावाची हाय. मी तुला काय सांगितलं का? उतर."

त्याच पावली ती घरी आली, कागद काढला आणि मोठ्या रस्त्याला लागली. एसटी निघून गेली होती. थांबणं तिच्याने झालं नसतं. चालत सुटली, मग वाटेत भेटलेल्या बैलगाडीने मुरबाड गाठलं.

मामलेदाराने कागद वाचला, नकाशाची नक्कल पाहिली. पाणी देणं अजून चालू आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, चालू आहे. कोण देतं?

"रांजण आमचा हाय साहेब. पाणी ठाकरांच्या बाया भरतात. त्यांच्या सासवा भरायच्या, त्यांच्याबी सासवा भरायच्या. या साली मी सांगितलं नाय, तरी त्यांनी भरलं. कागदात लिवलंय, पाणी चालेल तोवर. मग घरांखालची जमीन त्यांच्या नावानं लिवा. राहील ती माझ्या."

असं करता येतं की नाही, हे मामलेदारालाही लगेच सांगता आलं नाही. पण त्याने जबाब लिहून घेतला. चौकशी लागली, तारखा पडल्या, मोजणीदार येऊन गेले. महिपतने हरकत घेतली, गावात दोन तट झाले. गिरजाने मधल्या अंगणात काट्यांचं कुंपण घातलं. सकुबाईने ते घर सोडलं आणि झऱ्याखाली, ठाकरांच्या घरांपासून थोडी अलीकडे, झोपडी बांधली. छप्पर जाणूनेच शाकारलं. निकाल लागायला त्रेसष्ट साल उजाडलं. चार घरांखालची जमीन ठाकरांच्या नावे, उरलेली सकुबाईच्या. खाचर महिपतला मिळालं.

उतरणीवर नाचणी बरी येई. वरी कधी येई, कधी रानडुकरं खात. घाटवाटेने येणारी माणसं कमी होत गेली, कारण एसटीच्या फेऱ्या वाढल्या होत्या. कुणाच्या जमिनीचं काही अडलं की लोक सकुबाईकडे येत, आणि ती चप्पल पायात सरकवून त्यांच्याबरोबर ठाण्याला निघे. सगळ्यांचे कागद सापडले नाहीत. जे सापडले, तेही भांडणांतच वाया गेले.

मंगळी शेवटपर्यंत तिच्याशी चांगली वागली. नाचणीच्या कापणीला आली, आजारपणात पेज करून दिली. पण पूर्वीसारखी दारात येऊन आपणहून बसली नाही. सकुबाईने एकदा तिला म्हटलं, त्या दिवशी मुरबाडला तू विचारलंस, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मंगळी तांदळातले खडे वेचत होती. ती म्हणाली, "होय बाय, बोलायला पायजे होतं." आणि वेचत राहिली.