काकांची शिटी

"गिनती पुरी झाली पाहिजे," असं म्हणत काका आमच्या डोक्यांवर एकेक बोट टेकवत फिरायचे. पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात ते चपराशी होते. पण फुटबॉल टीमचं विचाराल तर आई, बाप आणि मोची सगळं तेच. फाटक्या चेंडूला टाके घालायचे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे, बसमध्ये चढताना आम्हाला मोजायचे, उतरताना पुन्हा मोजायचे. एकदा सौंसरच्या स्टँडवर त्यांनी भलत्याच प्रवाशाच्या डोक्यावर बोट टेकवून "अकरा" म्हटलं आणि आमचा गोलकीपर भजी खात मागेच राहिला. चूक लक्षात आली तेव्हा गावाबाहेर बस थांबवून काका स्वतः धावत त्याला आणायला गेले. एक पोरगा कमी असला की त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्यांच्या गळ्यात पितळी शिटी असायची. तिचा आवाज जरा फाटका होता. शंभर शिट्या वाजल्या तरी ती ओळखू यायची.

टीममध्ये सहा पोरं पांढुर्ण्याची, आम्ही पाच सावरगावची. मध्ये जाम नदी. तुम्ही आमच्याकडचे असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि त्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना गोटे मारतात. ही आमची गोटमार. म्हणून काकांनी नियमच केला होता. त्या दिवशी सकाळपासून दिवस बुडेपर्यंत सगळ्या टीमनं मैदानावर राहायचं. खेळा, झोपा, घरून डबे आणून खा, पण नदीवर जायचं नाही.

"माह्याच पोट्ट्यानं माह्याच पोट्ट्याचं डोस्कं फोडलं, तर मंग पास कोन देईन कोनाले?" ते विचारायचे.

माझं शेवटचं वर्ष होतं, ऐंशीच्या दशकातलं. टीम कधी नव्हे ती जमली होती. त्या गोटमारीच्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला जातो म्हणून मैदानावरून निघालो आणि थेट सावरगावच्या काठावर पोचलो. गल्लीतली पोरं आठवडाभर चिडवत होती, "पांढुर्ण्याचा झाला बे तू!" विशीतल्या पोराला तेवढं पुरतं.

ढोल वाजत होते. गोटा धरलेला माझा हात मागे गेला होता, एवढ्यात समोरून ती फाटकी शिटी आली. मी ती ओळखली. गोटा अजून माझ्या हातात होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शिटी ओळखली आणि तरी गोटा मारला. पकडले गेल्याचा राग होता की गर्दीची नशा, देव जाणे. काका मला न्यायला गुडघाभर पाण्यात उतरले होते. गोटा त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

डोळा गेला. महिन्याभरानं ते पट्टी बांधून मैदानावर आले तेव्हा पांढुर्ण्याची पोरं पेटलेली होती.

"काका, नाव सांगा. सावरगावचा कोन होता?"

मी खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होतो. बांधलेलीच पुन्हा बांधत होतो.

"गर्दीतून आला. कोनाचा, काय माईत," काका म्हणाले. "चला, उभे राहा. गिनती करू द्या."

एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकायचा, बोट कुणाच्या तरी कानात जायचं. पोरं हसायची, तेही हसायचे. मग ते अख्खा तळवा डोक्यावर ठेवून मोजू लागले. मला नेहमी शेवटी. "अकरा." तो चुन्यानं खरखरीत झालेला हात मला दिवसभर डोक्यावर जाणवायचा.

त्यांच्या रेघाही आता डावीकडे वाकायच्या. बाहेरच्या टीमा खिदळायच्या. त्याच वाकड्या रेघांत आम्ही सौंसरला हरवलं आणि छिंदवाड्याला फायनलपर्यंत गेलो.

हाफटाइमला काका संत्री सोलून देत होते. मी धीर करून म्हटलं, "काका, तो गोटा..."

त्यांनी माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या. "खा. अर्धी मॅच बाकी हाय अजून."

आम्ही दोन-एकनं हरलो. आमचा एकमेव गोल मी केला. पास पांढुर्ण्याच्या पोरानं दिला होता. परतीच्या बसमध्ये काका इतके खुशीत होते की बघणाऱ्याला वाटावं, आम्हीच जिंकलो.

पुढे नोकरीसाठी मी नागपूरला गेलो. पोळ्याला गावी जायचं मी टाळत आलो. पण कुठेही असलो तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिटी मला ऐकू येतेच. खिडक्या लावून पाहिल्या, रेडिओ मोठा करून पाहिला. बायकोला वाटतं माझं डोकं दुखतं.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी पांढुर्ण्याला गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि निरखून पाहिलं.

"तुमी सावरगावचे न? राइट साइडले खेळत होते?"

मी हो म्हटलं.

"ते सांगून गेले. म्हणे, तो पोरगा येईन एक दिवस. मले तो तवाच दिसला होता. त्याले सांगजो, मनाले लावून घेऊ नको. ढोल लय वाजून राहिले होते, पोराले माही शिटी ऐकूच नाई गेली."

शिटी खुंटीला टांगलेली होती. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हो काकू," मी म्हणालो. "ऐकूच नाई आली."