भाऊजींची सरकी

"त्या दुसऱ्यात पाहा ना जी. त्यात भाव जास्त असन."

आबाजी हे इतक्या हळू बोलले की फक्त भाऊजींना आणि मागे उभ्या असलेल्या मला ऐकू गेलं. त्यांच्या गळ्यात नवा दुपट्टा होता, डोक्यावर नवी टोपी, मांडीवर नारळ आणि समोर हळद-कुंकू लावलेला मॉनिटर. दसऱ्याचा दिवस होता. घाटंजीतल्या भाऊजींच्या नेट कॅफेत त्यांनी स्वतः बनवलेला ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम, नुकताच जगासाठी खुला झाला होता. शेजारच्या खेड्यातून कापसाचा भाव बघायला आलेले आबाजी त्याचे पहिले मानकरी होते, आणि त्यांना तो बदलून हवा होता.

भाऊजींनी मान डोलावली, आपला ब्राउझर बंद केला आणि त्यांना दुसरा उघडून दिला. स्वतः बनवलेली वस्तू उद्घाटनालाच स्वतःच्या हाताने मिटवून गिऱ्हाइकाला परक्याची काढून देणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे.

भाऊजींना दुसऱ्याला विचारल्याशिवाय काही करताच येत नसे. दारात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही ते "जाऊ का?" विचारत आणि कुत्रं उठेपर्यंत उन्हात थांबत. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी हार वर धरला आणि ताईला विचारलं, "घालू काय?" गुरुजी थांबले, वाजंत्री थांबली. ताई म्हणाली, "घाला आता, लोकं ताटकळून राह्यले." त्याच स्वभावातून पुढे तो ब्राउझर निघाला. त्या काळात लाइन इतकी मंद होती की फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरता उतरता वीज जायची. भाऊजींचं म्हणणं, बाकीचे ब्राउझर माणसाला न विचारता सगळं ओढून आणतात, हा उद्धटपणा आहे. त्यांचा ब्राउझर आधी फक्त अक्षरं आणायचा आणि मग विचारायचा, "चित्र आणू का?" ब्राउझर अजून कच्चा होता तेव्हा, राळेगावहून मुलीसाठी नेटवर स्थळ बघायला आलेल्या एका गृहस्थांपुढे हा प्रश्न आला. त्यांनी मुलाची माहिती वाचली, चष्मा काढला आणि ते म्हणाले, "नको. शेती करते म्हणते पोरगा." त्यांचा वेळ वाचला म्हणून भाऊजी दिवसभर खूश होते. तो पोरगा कसा दिसत असेल, हे मी मात्र दिवसभर मनात बघत राहिले.

ब्राउझरचं नाव होतं 'सरकी'. आतलं इंजिन तयार, कंपनीचं होतं, भाऊजी सरळच सांगत, "इंजिन बाहेरचं, बॉडी घाटंजीची." चिन्ह म्हणून फुटलेलं बोंड, आणि वरच्या पट्टीत त्या दिवशीचा कापसाचा भाव. सरकी का, तर कापसातून निघते आणि पुन्हा उगवते. यावर समोरच्या कृषी केंद्राचे मालक पानाची पिंक टाकून म्हणाले, "आता सरकी पेरते कोण भाऊ? दरसाल बियाण्याचं पाकीट आणा लागते." भाऊजी हसले. त्यांना दुखवणं अवघड होतं; दुखावलं की ते आणखी मोकळं हसत.

मी यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजात कॉम्प्युटरच घेतला आणि शनिवार-रविवार ताईकडे येऊन काउंटरवर बसायचे. बसायचे म्हणजे खरोखर फक्त बसायचे. कोणी काही विचारलं तर मी मान हलवायची आणि मानेचा अर्थ भाऊजी लावायचे. "आमच्या बाईची मान हाच कीबोर्ड," ते गिऱ्हाइकांना सांगत. तरी सरकीची सगळी वाक्यं त्यांनी मलाच लिहायला लावली. "तू बोलत नाही ना, म्हणून तुले थोडक्यात लिहिता येते." बटणांवर 'मांगं' आणि 'पुढं' त्यांचं, बाकीचं पुस्तकी मराठी माझं. वीज येऊन मशीन पुन्हा सुरू झालं की सरकी आधीचं पान काढून द्यायची आणि त्यावर लिहिलेलं असायचं, "आपण इथे होतो." पान मिळालं नाही तर, "पान सापडले नाही. चूक तुमची नाही." लाल्या रोग पडलेल्या कपाशीवर औषध शोधायला आलेल्या एका माणसाने, सरकी अजून पूर्ण व्हायची होती तेव्हा, हे वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. औषध न शोधताच तो उठला आणि जाताना त्याने मॉनिटरला हात जोडले. त्या नापिकीच्या, कर्जाच्या वर्षांत ते वाक्य आमच्याकडे दुसरं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

उद्घाटन कापूस खरेदीच्या मुहूर्तासारखं व्हावं, हा भाऊजींचा हट्ट. बाजारात वजनकाट्याची पूजा होते आणि पहिल्या गाडीच्या मालकाला दुपट्टा-टोपी-नारळ मिळतो, तसंच सगळं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी ताईसमोर जाहीर केलं, "संक्रांतीपर्यंत एका जरी माणसानं आपल्या मनानं सरकी उघडली, तर आपण इथंच. नाही तर पुण्याले." पुण्यात त्यांच्या मित्राने नोकरी बघून ठेवली होती. ताई म्हणाली, "हे उघडते ना रोज," आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. भाऊजी म्हणाले, "घरचं धराचं नाही. घरचा माणूस करपेल भाकरही गोड म्हणते."

मग आबाजी आले, पट्टीत भाव झळकला, आणि तो आदल्या दिवसापेक्षा उतरलेला होता. एक व्यापारी पटला नाही की दुसऱ्याकडे गाडी वळवायची, ही आबाजींची जन्माची रीत. त्यांनी तीच इथे चालवली. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तोच भाव निघाला. त्यांनी दोन्ही पडदे निरखले, नारळ काखेत मारला आणि ते उठले. "आतून मिळेल आहा तुमी दोघं." सगळं कॅफे हसलं, सर्वांत जास्त भाऊजी.

संध्याकाळी त्यांनी मला नवं वाक्य लिहायला सांगितलं. पट्टीतला भाव झाकला आणि तिथे प्रश्न आला, "आजचा भाव दाखवू का?" लोक येत, प्रश्नाकडे बघत बसत आणि बटण न दाबता उठून जात. मी कागदावर लिहून विचारलं, याचा उपयोग काय? भाऊजी म्हणाले, "नाही पाह्यला तर उद्याच्याले काहीतरी उरते ना." हळूहळू लोक प्रश्नापर्यंतही येईनासे झाले. जे येत ते सवयीने दुसरं चिन्ह दाबत. भाऊजी मागे उभे राहून विचारत, "सरकीत पाहता का?" आणि लोक संकोचून म्हणत, "राहू द्या ना." ताई एकदा वैतागून म्हणाली, "लोकाईचे नवरे दारू पेते, माहा नवरा इचारते." मग पदराने डोळे पुसून तिने त्यांना चहा नेऊन दिला.

पुढे ते पुण्याला गेलेच. तिथे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतात. फोनवर अजूनही आधी विचारतात, "बोलू का?" कॅफेच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मला सांगायची आहे ती संक्रांतीनंतरची दुपार.

ताई बाहेर सामान बांधत होती. भाऊजी एकेका मशीनवरून सरकी काढत होते. काढतानाही सरकी विचारायचीच, तेही वाक्य माझंच होतं: "सरकी काढून टाकायची का? घाई नाही." दर वेळी भाऊजी ते वाक्य शेवटपर्यंत वाचत आणि मग 'हो' दाबत. शेवटचं मशीन काउंटरवरचं, माझं. मला सरकी आवडायची, कारण ती विचारून थांबायची. शाळेत, घरी, मला प्रश्न विचारून उत्तरासाठी इतका वेळ कोणी थांबलं नव्हतं, एक भाऊजी सोडले तर.

प्रश्न आला. भाऊजींनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि माझ्या मानेकडे बघितलं. "सांग बाई, काय म्हणू?" माझी मान कुठेच हलेना. ते थांबले. बाहेर ताईचा हातही थांबला.

"नाही म्हणा, भाऊजी," मी म्हणाले, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ही मी आपल्या मनाने उघडते."