कोरा अंगठा

अध्यापन विद्यालयातल्या आम्ही पोरी महिनाभर जानेफळात राहिलो होतो, बायांना लिहायला शिकवायला. नवीनच झालेलं महाराष्ट्र राज्य, नवीन उत्साह, आणि माझं नाक सदा वर. आमच्या मोठ्या बाई रोज वहीत लिहायला लावत, 'आज तू काय शिकलीस?' माझं डोकंच उठायचं. शिकवायला आलेय मी, मी कशाला शिकू?

माझ्या वर्गात सासू-जावांसोबत येणाऱ्या एक काकू होत्या. ग्रामपंचायतीवर नुकत्याच घेतलेल्या. पहिल्या सभेत त्यांनी रजिस्टरवर अंगठा लावला तेव्हा बाकीचे पंच फिदीफिदी हसले होते. "पुढच्या सभेले मले सही आली पायजे, बाई," त्या रोज म्हणायच्या.

सही म्हणजे स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. स्वतःचं नाव काकूंनी चार दिवसांत घोटलं. मग मी फळ्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहिलं अन् म्हटलं, "मोठ्यानं वाचा." काकूंनी पदर तोंडात धरला. बाकीच्या खाली पाहू लागल्या. "वाचा ना! वाचल्याशिवाय लिहायचं नाही," मी खेकसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात चिटपाखरू नाही. सभा आठ दिवसांवर आलेली. मी तणतणत वहीत लिहिलं, 'बायांना शिकायचंच नाही.' मोठ्या बाईंनी खाली एवढंच लिहिलं, 'का आल्या नाहीत? पुन्हा बसून लिही.'

बसले चडफडत. काही सुचेना, म्हणून घडलं तसं ओळीनं लिहीत गेले, आणि 'मोठ्यानं वाचा'पाशी हात थांबला. अगं बाई! माझी आई तरी बाबांचं नाव कधी घेते? हळदीकुंकवाला उखाण्यात, तेही शंभरदा आग्रह झाल्यावर. आणि मी त्या माउलीला सासू-जावांपुढे नवऱ्याचं नाव ओरडायला लावत होते! लाजेनं माझे कान तापले.

सकाळी काकूंच्या घरी गेले. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"काऊन आली वं बाई?"

"चुकलं माझं, काकू. नाव घेऊ नका. नुसतं लिहा."

"लिहिलं तं घेतल्यावानी नाई होत?"

"मला नाही ठाऊक. तुम्हीच सांगा."

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि अंगणातल्या मातीत बोटानं नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. दुपारी वर्ग पुन्हा भरला. साऱ्या जणी मुकाट्यानं आपापल्या नवऱ्याचं नाव गिरवत होत्या आणि कुणालाच हसू आवरत नव्हतं.

सभेच्या दिवशी मी पंचायतीबाहेर उभी, जीव टांगणीला. काकू बाहेर आल्या त्या अंगठा नाचवतच. "पाह्य बाई, कोरा हाये! शाई नाई लागली!" मग पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाल्या, "साऱ्या पंचाइपुढं नाव घेतलं त्याइचं. तोंडानं नाई, हातानं."

मी तिथंच रडले. त्या दिवशी वहीत काकूंचं बोलणं तेवढं उतरवलं. मोठ्या बाईंनी पुन्हा लिहायला लावलं नाही.